ऑगीचे दोन टप्पे

इव्हान्सव्हिल, इंडियाना
१४ सप्टेंबर १९९८

प्रिय लिओना,

पाकिटावरचं अक्षर माझं नाही. औषधांच्या दुकानातल्या मुलीला विनंती केली, तिने तुझा पत्ता लिहून दिला. माझं अक्षर दिसलं की तू पाकीट न फोडता परत पाठवतेस. चोवीस वर्षांत अशी नऊ परत आली. फोन केला तर 'हॅलो'च्या पुढे मला जाऊ देत नाहीस. आपल्या कॉन्व्हेंटची सिस्टर वॉल्बर्गा आज असती तर या लबाडीबद्दल तिने मला जेवणघराच्या दाराशी गुडघ्यांवर बसवलं असतं, आणि तू पलीकडच्या बाकावरून डोळे तिरळे करून मला हसवलं असतंस.

थोडक्यात लिहिते. माझा भाऊ ऑगी फार आजारी आहे. त्याला तुझ्या क्लीटसला भेटायचं आहे. एक गोष्ट सांगायची आहे, ती समोर बसूनच सांगणार म्हणतो, कागदावर नाही. डॉक्टर नाताळचं नाव काढत नाहीत.

या दोघांचं नाव एकेकाळी गावात जोडीनेच घेतलं जायचं. क्लीटस वेबरने चेंडू द्यायचा आणि ऑगी मेसमरने तो बास्केटमध्ये टाकायचा. लोक म्हणायचे, क्लीटसच्या हातून चेंडू सुटला की आपल्या पायलट्स संघाचे दोन गुण लिहून टाका, वर बघायचं कारण नाही. मी टेबलाशी बसून नोंदी करायचे, मला मात्र बघावंच लागायचं. तू चौथ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर, मांडीवर क्लीटसचं जाकीट. मध्यंतरात तू माझ्यासाठी आपल्या गावचं ते डुकराच्या तळलेल्या मेंदूचं सँडविच आणायचीस आणि त्याचं तेल माझ्या नोंदीच्या कागदाला लागायचं. लीगच्या कचेरीतून एकदा विचारणाही आली होती, की या डागाखाली कोणाचे गुण दडले आहेत?

मी काही विसरलेले नाही. तूही विसरली नसशील, म्हणून तर राग टिकला आहे. हे पत्र क्लीटसला दाखव. एवढंच मागते.

तुझी,
बर्नडीन


डुलुथ, मिनेसोटा
२१ सप्टेंबर

बर्नडीन,

पाकीट फोडलं गेलं, वाचलं गेलं. आता उत्तर दिलं नाही तर मीच उद्धट ठरेन, म्हणून लिहिते. क्लीटसला पत्र दाखवलेलं नाही आणि दाखवणारही नाही. ते पिठाच्या डब्याखाली आहे.

तू आठवणी काढल्यास, मीही काढते. १९७३ सालच्या हंगामात क्लीटसचा करार काय होता, तुला पाठ होता. सामन्यामागे सरासरी आठ असिस्ट झाले तर आणखी दोन वर्षं नक्की, नाहीतर नारळ. त्याने पास दिला, समोरच्याने घेतला तसा टाकला आणि बास्केट झाली, तरच तो असिस्ट. घेणारा टप्पे मारत बसला तर ती बास्केट त्याची एकट्याची. देणाऱ्याच्या नावावर काही नाही. तुझ्या भावाला हे चालायला लागल्यापासून माहीत होतं.

आणि डिसेंबरपासून त्याने काय केलं? क्लीटसचा पास हातात आला की टप, टप, आणि मग शॉट. मोकळा असला तरी. आसपास दहा फुटांत कोणी नसलं तरी. दोन टप्पे मोजून मारायचे आणि मग टाकायचं. बास्केट व्हायची, लोक ओरडायचे, आणि तू पेन्सिल खाली ठेवायचीस. मी जपमाळेच्या मण्यांवर ते बुडालेले पास मोजायचे, देव मला क्षमा करो. एकशे चाळीस झाले. क्लीटसला कमी पडले अकरा.

मला वाटतं त्याला हेवा वाटला. त्या वर्षी तिकिटांवर क्लीटसचं चित्र छापलं होतं. तुला हेवा वाटायचं कारण नव्हतं, तुला नुसती पेन्सिल चालवायची होती. दुसऱ्या गावांत घरच्या खेळाडूला शिंक आली तरी असिस्ट लिहायचे.

क्लीटसला काढलं. कोणी घेतलं नाही. त्याच्या चुलतभावाने इथे शाळेच्या बसवर नोकरी लावून दिली, मी माझं घर विकून या सरोवराकाठच्या गारठ्यात आले. ७८ च्या जानेवारीत माझी आई गेली तेव्हा बर्फाने सगळे रस्ते बंद होते. तिच्या शेवटच्या आठ दिवसांत तिच्याजवळ मी नव्हते. तू होतीस असं ऐकलं. त्याबद्दल तुझे आभार मानायचे की आणखी काही करायचं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

ऑगी आजारी आहे याचं वाईट वाटतं. खरंच वाटतं. पण क्लीटस आता बरा आहे. संध्याकाळी चर्चच्या मुलींना पास द्यायला शिकवतो, घरी येऊन हसतो. त्याला तिथे बोलावून त्याची जखम पुन्हा उघडू नका.

लिओना वेबर


इव्हान्सव्हिल
२६ सप्टेंबर

प्रिय लिओना,

तुझं पत्र मी ऑगीला वाचून दाखवलं नाही. त्याने विचारलं, "काय म्हणते?" मी म्हटलं, "लिओनाच आहे ती, काय म्हणणार!" त्याला हसू आलं. मग म्हणाला, "शिव्या वाचून दाखव की. मला आता तेवढीच करमणूक."

त्याने मला परवानगी दिली आहे, म्हणून लिहिते. तू खुर्चीवर बसून वाच.

त्याला हेवा नव्हता, लिओना. त्याची बोटं मेली होती.

त्या नोव्हेंबरात उजव्या हाताच्या बोटांच्या टोकांना मुंग्या आल्या, मग त्यांना काही कळेचना. गरम कप धरला तर फोड आल्यावर समजायचं. त्याने कोणाला सांगितलं नाही, बायकोलासुद्धा. नॉर्माला तेव्हा तिसऱ्यांदा दिवस गेले होते. खेळताना चेंडू हातात यायचा, पण तो बोटांवर बसला आहे की निसटतो आहे हे त्याला उमगायचं नाही. मग तो जमिनीवर आपटायचा. वर येणारा चेंडू तळहाताने घ्यायचा, अंगठ्याने शिवण शोधायचा, एका टप्प्यात नाही जमलं तर दुसऱ्यात. शोधताना खाली बघायचा. मी टेबलावरून बघत होते, लिओना. एवढा मोठा खेळाडू आणि शाळकरी पोरासारखा चेंडूकडे बघून टप्पे मारतो आहे. खेळ बघायला आलेल्या पाच हजार लोकांपैकी कोणाच्या ते नजरेस आलं नाही.

७९ साली डॉक्टरांनी त्या आजाराला नाव दिलं. मेंदू आणि मणक्यातल्या नसा एकेक करून विझत जातात. ८८ पासून तो चाकांच्या खुर्चीत आहे. आता हात उचलत नाहीत, आवाज ओठांच्या पुढे येत नाही. गावच्या फेस्टिव्हलचे खाण्याचे स्टॉल लागायला लागलेत तर म्हणतो, "माझ्याच मेंदूचं सँडविच करून विका, नाहीतरी आत काही चालू नाही."

हेच त्याला क्लीटसला सांगायचं आहे. की त्याला ठाऊक होतं, एकेका टप्प्याबरोबर क्लीटसचं काय जातंय ते, आणि तरी तो गप्प बसला. चोवीस वर्षं हे त्याच्या छातीवर आहे.

बर्नडीन


डुलुथ
१ ऑक्टोबर

बर्नडीन,

तुझं पत्र वाचून मी ओट्यावर हात टेकून किती वेळ उभी होते कोण जाणे. ऑगी खुर्चीत. आपला ऑगी, जो कॉन्व्हेंटच्या भिंतीवरून उडी मारून आपल्याला चोरून आईस्क्रीम आणून द्यायचा! माझ्या डोळ्यांसमोर अजून तेच लांब पाय आहेत.

मी रडले, हे तुला सांगायला हरकत नाही. मग डोळे पुसले आणि आणखी राग आला. आधी वाटायचं त्याने हेव्याने केलं. हेवा निदान आंधळा असतो. याला तर सगळं दिसत होतं. स्वतःची जागा राखायला त्याने क्लीटसला बुडू दिलं. मी आजारी माणसाबद्दल हे लिहिते आहे आणि माझीच मला लाज वाटते, पण लिहिते.

आणि तू. तुझं वाक्य मी परत परत वाचते आहे, 'मी टेबलावरून बघत होते.' तुला कधी कळलं? ७९ साली, की तेव्हाच? तेव्हाच कळलं असेल तर तू ते असिस्ट लिहू शकली असतीस. टप्पे पडले तरी लिहायचं की नाही हे टेबलावरच्या माणसाच्या मनावर असतं, हे तूच मला शिकवलंस. अकरा, बर्नडीन. एकशे चाळीसांतले अकरा.

गोड गोड उत्तर नको. सिस्टर वॉल्बर्गासमोर उभी आहेस असं समज आणि सांग.

लिओना


इव्हान्सव्हिल
६ ऑक्टोबर

प्रिय लिओना,

मी तीन कागद फाडले. हा चौथा.

मी एक शपथ घेतली होती, ती आज मोडते आहे. मोडावी की नाही हे विचारायला फादरकडे गेले होते. ते म्हणाले, शपथ कोणाच्या भल्यासाठी होती? मी घरी येऊन लिहायला बसले.

मला जानेवारी ७४ मध्येच कळलं. ऑगीने सांगितलं नाही. क्लीटसने सांगितलं.

हो, क्लीटसने. त्याला माहीत होतं, लिओना.

मी तेव्हा ते असिस्ट लिहायला लागले होते. टप्पे पडले तरी लिहायचे. एका सामन्यात असे तीन लिहिले. पाहुण्या संघाचा मॅनेजर कागद फडकावत टेबलाशी आला, हे कसले असिस्ट, सामन्याची फिल्म मागवतो, म्हणाला. तो गेला. हॉल रिकामा झाला, झाडूवाले आले. क्लीटस गळ्यात टॉवेल टाकून माझ्यापाशी आला आणि म्हणाला, "बर्नी, ते तीन खोड."

मी म्हटलं, "तुझेच आहेत ना रे?"

"माझे आहेत म्हणूनच सांगतो. त्यांनी फिल्म मागवली तर सगळे बसून ऑगीचे हात बघतील."

मला काही समजेना. मग त्याने सांगितलं. ऑगीच्या बोटांत काहीतरी बिघडलं आहे, ऑगी लपवतो आहे, लपवू दे. हा त्याचा तिसरा हंगाम. तो पुरा खेळला तरच क्लबचा औषधपाण्याचा विमा आयुष्यभर लागू होतो. मध्येच डॉक्टरच्या नजरेस आलं तर उद्या घरी बसवतील, नॉर्माच्या पोटात पोर आहे. "एप्रिलपर्यंत ओढायचंय," म्हणाला. "तू जे दिसतं तेच लिही. नेहमी लिहितेस तसं."

मी रडायला लागले. मी म्हटलं, तुझ्या कराराचं काय? तर म्हणतो, "दुसऱ्यांना देऊन भरून काढतो की. सगळे काही ऑगीसारखे ठोंबे नाहीत." आणि मग म्हणाला, "लिओनाला बोलायचं नाही. ऑगीला तर नाहीच. शपथ घे."

मी घेतली. ते तीन खोडले. पुढे प्रत्येक सामन्यात जे दिसलं तेच लिहिलं आणि पेन्सिल खाली ठेवली. तू वर चौथ्या रांगेतून माझ्याकडे बघायचीस, ते मला मान वर न करताही कळायचं.

ऑगीला आजही माहीत नाही की क्लीटसला माहीत होतं. ज्या विम्यावर त्याची औषधं चालली आहेत, तो कोणी मिळवून दिला हे त्याला माहीत नाही.

आता तू मला काय म्हणायचं ते म्हण.

बर्नडीन


डुलुथ
१३ ऑक्टोबर

बर्नडीन,

तुझं पत्र शनिवारी सकाळी आलं. क्लीटस शिडीवर चढून हिवाळ्याच्या जादा खिडक्या बसवत होता. मी पत्र वाचत वाचतच अंगणात गेले. पायांत घरातल्या सपाता होत्या.

मी म्हटलं, "खाली ये."

"एक स्क्रू राहिलाय."

"क्लीटस वेबर, खाली ये."

त्याने माझ्या हातातला कागद बघितला. दोन पायऱ्या उतरला आणि तिथेच थांबला.

"ऑगीचा हात तुला माहीत होता?"

तो उलट विचारतो, "बर्नीने सांगितलं?" म्हणजे, 'कसला हात' असंसुद्धा विचारलं नाही त्याने! मी शिडीला धरलं.

"कसं कळलं तुला?"

"आवाजावरून. ऑगीच्या हातात चेंडू पडला की आवाज यायचा नाही, कापसात पडल्यासारखा. डिसेंबरात चापट मारल्यासारखा यायला लागला. बोटं घेत नव्हती, तळवा घेत होता."

"मग?"

"मग काय. मी पास थोडा आधी द्यायला लागलो. खालून, टप्प्याने, डाव्या अंगाला. त्याला चाचपायला वेळ नको का?"

बर्नडीन, तुला कळतंय ना हे? ते दोन टप्पे मारायला जागा क्लीटसच करून देत होता. आणि वर्तमानपत्रात छापून आलं होतं की वेबरची वेळ चुकते, पास घाईने सुटतात, घोडा म्हातारा झाला. मी ती कात्रणं फाडून चुलीत घातली होती. मी इथल्या बायकांना सांगत आले की माझ्या नवऱ्याला त्याच्या मित्राने संपवला. आणि तो बाजूला बसून कॉफी प्यायचा.

मी विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

"तुला सांगितलं असतं तर तुझा चेहरा बोलला असता. तुझ्या चेहऱ्याला कुलूप कुठे आहे?"

"आणि इतकी वर्षं? मी बर्नडीनची पत्रं परत पाठवत होते, ती तू बघत होतास."

"दरवर्षी वाटायचं, पुढच्या वर्षी सांगू."

"आणि माझी आई?"

त्याच्या हातात स्क्रूड्रायव्हर, तो नुसताच फिरवत राहिला. मग खाली बघून म्हणाला, "ते मी हिशेबात धरलं नव्हतं, लिओ. सगळं धरलं होतं, तेवढं धरलं नव्हतं."

मी त्याला म्हटलं, पास तू दिलास, पण चेंडू माझ्या हातातून काढून घेतलास. मला विचारलं असतंस तर कदाचित मीच दिला असता. आता ते कधी कळायचं? मी दिला असता की नाही, हेसुद्धा मला आता कधीच कळणार नाही.

मग ऑगीबद्दल सांगितलं. खुर्ची, आवाज, नाताळ. तो शिडीच्या खालच्या पायरीवर बसला आणि त्याने टोपी तोंडावर धरली.

रविवारी सकाळी तो गाडी घेऊन निघाला. बसच्या किल्ल्या बदलीच्या माणसाकडे दिल्या. मी त्याला डबा दिला नाही. एकतीस वर्षांत पहिल्यांदा तो माझ्या हातच्या डब्याशिवाय गावाबाहेर गेला. एक खिडकी तशीच उघडी आहे. मी तिच्यासमोर बसून लिहिते आहे, वारा आत येतो आहे, आणि मला उठून काहीही करावंसं वाटत नाही.

लिओना


इव्हान्सव्हिल
२० ऑक्टोबर

प्रिय लिओना,

तो पोहोचला. पुढे काय झालं ते तुला लिहायचं धैर्य गोळा करायला मला आठवडा लागला.

ऑगी खिडकीशी खुर्चीत होता. क्लीटस दारात उभा राहिला. मला वाटलं आता हा कोसळतो. तर ऑगीने ओठ हलवले, मी कान लावला आणि क्लीटसला सांगितलं, "तो म्हणतो, आलास?"

"नाही, वाटेत आहे," क्लीटस म्हणाला.

"तो म्हणतो, टक्कल पडलं तुला."

"त्याला म्हणावं, तुझ्या डोक्यावर केस आहेत खरे, पण आत काय आहे ते सगळ्यांना माहीत आहे."

असं चाललं होतं. ऑगीचा आवाज माझ्या कानापलीकडे जात नाही, आणि तुझ्या नवऱ्याला बसच्या इंजिनाने एका कानाने बहिरं केलं आहे. त्यामुळे ऑगीचा प्रत्येक शब्द माझ्या तोंडून जायचा. मग ऑगीने नॉर्माला बाहेर जायला सांगितलं. आणि माझ्या लक्षात आलं की तो आता कबुली देणार, आणि ती मला मोठ्याने बोलावी लागणार. जे या माणसाला चोवीस वर्षं माहीत आहे, तेच मी त्याला सांगायचं.

मी सांगितलं. "क्लीट, माझी बोटं मेली होती. टप्पे घेतल्याशिवाय चेंडू हातात बसत नव्हता. तुझे असिस्ट जातायत हे मला ठाऊक होतं. मी बोललो असतो तर मला काढलं असतं. मी गप्प बसलो आणि तुला काढू दिलं."

मी क्लीटसकडे बघितलं. मला वाटलं तो आता म्हणेल, अरे वेड्या, मला माहीत होतं. त्याने माझ्याकडे एकदाच बघितलं, कोर्टावर बघायचा तसं, नजर एकीकडे आणि मनात भलतंच. आणि खुर्ची मागे ढकलून ताडकन उठला.

"काय? मुद्दाम? अरे हरामखोरा! मला म्हातारा घोडा म्हणाले पेपरवाले! मी रात्ररात्र विचार करायचो माझं काय चुकतंय! आणि तू बोटं घेऊन गप्प बसलास? एक शब्द बोलायला तुझ्या जिभेला काय झालं होतं, तीही मेली होती का?"

लिओना, मी दगड झाले. तो खोलीभर फिरून ओरडत होता. नॉर्मा दार उघडून आत डोकावली आणि घाबरून परत गेली. पाच मिनिटं तरी चाललं असेल. ऑगीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायला त्याला हात नाही, मी पुसायचं विसरले. आणि तो हसत होता. इतक्या वर्षांत त्याचा असा चेहरा मी बघितला नव्हता. क्लीटस थांबला तेव्हा ऑगीने ओठ हलवले. मी सांगितलं, "तो म्हणतो, संपलं?"

"नाही. श्वास घेतोय."

मग क्लीटसने त्याच्या शेजारी बसून त्याचं तोंड पुसलं, आणि रागातच त्याला पर्सिमन फळाचं पुडिंग भरवलं.

नंतर पायऱ्यांवर मी त्याला विचारलं, हे काय होतं? तो म्हणाला, "बर्नी, त्याने चोवीस वर्षं ही शिवी खायची तयारी केली होती. ती न देता कसा जाऊ?"

मी म्हटलं, पण त्याला खरं कळायला नको का? आपल्यासाठी कोणी काय केलं, हे कळल्याशिवाय त्याने जायचं? क्लीटस बराच वेळ बुटांच्या नाड्या सोडत आणि बांधत बसला. मग म्हणाला, "ते लिओनाला विचार. मागच्या वेळी मी तिला विचारलं नव्हतं."

म्हणून विचारते. ऑगीला सांगायचं की नाही, हे तू सांगशील तसं होईल. तो रोज विचारतो, लिओना येईल का. आणि माझं विचारायचं धाडस होत नाही, पण मीही विचारते.

बर्नडीन


डुलुथ
२४ ऑक्टोबर

प्रिय बर्नडीन,

तुझं पत्र वाचून मी आधी हसले. हसू आलं, याचाच मला धक्का बसला. मला वाटायचं क्लीटसला खोटं बोलता येत नाही, बोलला की कान लाल होतात. मग सुचलं, इतकी वर्षं माझ्यासमोरही तेच चाललं होतं आणि कान काही लाल झाले नाहीत.

तो रोज संध्याकाळी फोन करतो. मी उचलते, बोलत नाही. तो तिकडचं हवामान सांगतो, ऑगीने काय खाल्लं ते सांगतो आणि ठेवतो.

तुझ्या प्रश्नावर मी दोन दिवस विचार केला. आधी वाटलं, सांगा. मला कळलं, मग त्याला का नको? मी का एकटीने हे बाळगायचं? मग शिडीखालचा तो क्षण आठवला. कोणीतरी इतकं मोठं काही आपल्या आयुष्यात करून ठेवलं, आपल्याला न विचारता, आणि ते आता परतही करता येत नाही. मी रागावू शकते. मला अजून दहावीस वर्षं आहेत, मी सावकाश रागावेन, सावकाश निवेन. ऑगीकडे नाताळसुद्धा नाही. आत्ता त्याला वाटतंय की त्याने चूक केली, तिची शिवी खाल्ली, हिशेब मिटला. तसंच राहू दे. त्याला सांगू नका. हे मी ठरवलं आहे, आणि या वेळी मला विचारून झालं आहे.

मी शुक्रवारी दुपारच्या बसने पोहोचते. ऑगीला म्हणावं, क्लीटसच्या शिव्या झाल्या, माझ्या बाकी आहेत, आणि मला त्या शोधाव्या लागणार नाहीत. तू मला दारातच मिठी मारू नकोस. मला आधी घरात येऊ दे, कोट काढू दे, तुझ्यावर चिडू दे. मग आपण दोघी बसू आणि तू मला आईचे ते आठ दिवस सांग. एकेक करून सांग. तिने काय मागितलं, काय बोलली, माझं नाव किती वेळा घेतलं. गाळू नकोस काही.

उघडी राहिलेली खिडकी मीच शिडीवर चढून बसवली. शेजारीण खालून ओरडत होती, पडशील म्हणून. नाही पडले.

क्लीटसला सांग की मी अजून त्याच्याशी बोलत नाही. बसस्थानकावर मला घ्यायला मात्र त्यालाच पाठव.

तुझी,
लिओना